उभा ओंडका

सरदार सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीकडे चढायला लागलं की नंदुरबारच्या बाजूला नर्मदेचं पाणी नाल्यानाल्यांत शिरतं आणि काठावरचं सगळं उचलून आणतं. वाळकी झाडं, बांबू, मोडक्या घरांचे वासे, प्लास्टिकच्या गोण्या. काठच्या पाड्यांना बोटीशिवाय सोय नाही, त्यामुळे वाट मोकळी करायचं कामही आम्हा बोटवाल्यांच्याच अंगावर पडतं.

आडवा ओंडका लांबून दिसतो. आकडा टाकून दोर बांधायचा आणि हळूहळू ओढत काठाला लावायचा. घात करतो तो उभा. बुडखा पाणी पिऊन जड होतो, शेंडा पाण्याच्या जेमतेम बरोबरीला राहतो. पंख्याला लागला तर पिन तुटते आणि बोट प्रवाहाच्या हवाली होते. तळाला लागला तर बोलायलाच नको.

त्या दिवशी बोटीत अडलेली बाई होती. काठावरच्या भुषा गावाला उतरवून पुढे जीपने धडगावला न्यायची. वळणावर खलाशी पोरगा ओरडला, "दादा, पाणकावळा!" पंख पसरून तो भर पाण्यात उभा होता. खाली काहीतरी असल्याशिवाय असा उभा राहणार नाही. पोराची नजर खरंच तयार आहे. मी इंजिन बंद केलं.

"भाऊ, थांबू नका, कळा वाढल्यात," तिच्यासोबत आलेल्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. पण बाजाराची भरलेली बोट अंधारात याच वाटेने परतणार होती, आणि तिथे मोबाईलला रेंज नाही. ओढत बसायला वेळ नव्हता. तेलाच्या रिकाम्या पिवळ्या कॅनचं बूच आवळलं, फांदीच्या खुंटाला कॅन बांधला आणि निघालो. भुषाला त्या बोटवाल्याला खूण सांगितली. रात्री बॅटरीच्या उजेडात कॅन दिसला म्हणाला.

बाई नीट बाळंत झाली. तरी बाई कण्हत असताना मी दोराची गाठ मारत होतो, ती मिनिटं डोक्यातून जात नाहीत. ताई अजून माझ्याशी तुटक बोलतात.

दुसऱ्या दिवशी ओंडका काठाला ओढला. तोडून न्यायला लोक एका पायावर तयार आहेत, पण सरकारी लाकूड म्हणून कोणी हात लावत नाही. परवानगी मागितली की साहेब दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतात. पाणी अजून चढतंय. दोर काढून साखळी घालायला हवी.