श्रावणातली बॅग

अलास्का म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आधी बर्फ येतो, मग अस्वल, आणि मग त्या दोघांच्या मधोमध माकडटोपी घालून उभे असलेले आम्ही दोघं. ऑगस्टअखेर आम्ही लेकीकडे सिएटलला जाणार आणि तिथून आठवडाभर क्रूझने अलास्काला, ही बातमी कॉलनीत फुटल्यापासून जो भेटतो तो गरम कपड्यांविषयीच बोलतो. कुणी लेह-लडाखला नेलेला फुगीर कोट आणून दिला. जाऊबाईंनी कराडहून दोन जाडजूड स्वेटर पाठवले, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. शेजारच्या काकांनी नाकाला व्हॅसलीन लावायला बजावलंय, तिकडे म्हणे नाक गळून पडतं. काका स्वतः महाबळेश्वरच्या पुढे गेलेले नाहीत, पण त्यामुळे त्यांच्या सल्ल्याचं काही अडत नाही.

आता खरी हवा काय आहे ते बघा. जुनो ही अलास्काची राजधानी. ऑगस्टमध्ये तिथे दुपारी सोळा-सतरा अंश असतात, रात्री नऊ-दहा. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे चार भिंतींच्या टेकडीकडे फिरायला जाणारी मंडळी याच्याहून फार निराळ्या हवेत फिरत नाहीत. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या जेटीवर दव गोठल्याचा फोटो तर दर हिवाळ्यात पेपरात येतोच. जहाज जातं समुद्रावरून, आणि समुद्रसपाटीला तिथे ऑगस्टात बर्फ पडत नाही. पडतो तो पाऊस. उन्हाळा सरायला लागला की तो वाढत जातो, सप्टेंबर-ऑक्टोबर हे तर त्या किनाऱ्याचे सगळ्यात ओले महिने. आपल्याकडचा पाऊस काढता पाय घ्यायला लागतो तेव्हा त्यांचा भरात येतो. म्हणजे आम्ही श्रावणातून निघून आषाढात उतरणार.

वाटेत केचिकन नावाचं एक गाव लागतं. तिथे वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस. हा आकडा सांगितला की पुण्याची माणसं तोंडात बोट घालतात. सातारकर घालत नाही. आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात, दहिवडीकडे, पाचशे झाला तरी लोकांना धन्य वाटतं. गंमत म्हणजे तिकडेही हाच प्रकार आहे. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला धडकून पुढच्या अंगाला रिकामे होतात. केचिकन त्यांच्या तोंडावरच बसलंय. उत्तरेला लांबलचक खाडीच्या पार टोकाशी स्कॅगवे आहे, ते डोंगरांच्या आडोशाला, म्हणून तिथे जेमतेम सातशेच्या आतबाहेर. एक त्यांचं महाबळेश्वर, एक त्यांचं दहिवडी. मी हे यांना नकाशावर दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "मग एवढा खर्च करून जायचं कशाला?"

फरक पडतो तो पावसाच्या जातीत. आपला पाऊस बदाबदा कोसळतो, भिजवतो, पण गार करून मारत नाही. भिजलं, घरी आलं, आल्याचा चहा घेतला, संपलं. तिकडचा बारीक, आवाज न करणारा, दिवसभर झिमझिमणारा, आणि बारा-तेरा अंशांतला. त्यात ओलं झालेलं माणूस तासाभरात कुडकुडायला लागतं. कडाक्याच्या थंडीत कोरडा माणूस बरा आणि साध्या गारव्यात ओला माणूस वाईट, हे मला तरी पटलंय. म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव स्वेटरचं नाही, पाणी आत न येऊ देणाऱ्या जॅकेटचं आहे. त्यानंतर तसलीच पँट. त्यानंतर बूट. फुगीर कोट यादीतच नाही. आत पिसं भरलेला असला कोट एकदा भिजला की त्याचा गोळा होतो आणि मग तो फक्त वाहून न्यायचा राहतो.

जॅकेट घेतल्यावर ते कितपत खरं आहे ते बघायला एका रविवारी आम्ही ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. जिथे पवनचक्क्या उभ्या केल्यात तिथे वारा असणारच, आणि श्रावणात तिथला पाऊस वरून कमी, आडवाच जास्त येतो. यांनी हट्टाने स्कूटरवरचा जुना रेनकोट घातला होता आणि हातात छत्री. गाडीतून उतरल्यावर छत्री उघडली, ती एकदाच. काड्या आभाळाकडे करून तिने जी मान टाकली ती टाकलीच. रेनकोटने मात्र पाऊस अडवला. पण पंधरा मिनिटांनी हे गाडीत येऊन बसले तेव्हा उजवी बाही कोपरापर्यंत चिंब. झालं होतं असं, की आतल्या सुती शर्टाचा कफ रेनकोटच्या बाहीतून दोन बोटं बाहेर डोकावत होता. तेवढ्या दोन बोटांनी पाणी पीत पीत ते वर कोपरापर्यंत चढवलं. पाठीला पाऊस लागला नव्हता, तरी बनियन ओलं, कारण प्लॅस्टिकच्या आत घामाला वाट नव्हती. यांना हुडहुडी भरली आणि ठोसेघरला येऊन भाजलेलं कणीस हातात मिळेपर्यंत तोंडातून शब्द नाही. पठारावर तेव्हा वीसच्या आसपास तापमान असेल. तिकडे याच्या निम्मं धरा.

तेव्हापासून बॅगेतून सूत हद्दपार आहे. सुती बनियन, सुती मोजे, जीन्सची पँट, सगळं. आयुष्यभर "सुती ते उत्तम" म्हणत आलेल्या घरात हे सोपं नव्हतं. पण सूत उन्हाळ्याचं, घामाचं. ते पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब त्या पाण्यात जाते. लोकरीचं तसं नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. आणि पार भिजली तरी थोडीफार ऊब राखून असते.

हे सांगायला परदेशी कंपन्यांच्या जाहिराती कशाला हव्यात? माणदेशातला धनगर पावसात मेंढरांमागे उभा राहतो तो घोंगडी डोक्यावर घेऊन. तिची खोळ करून तो तासन् तास उभा असतो. म्हसवडकडची घोंगडी ज्यांनी हातात घेतली असेल त्यांना ठाऊक असेल, राठ, टोचणारी, चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेली. खळीमुळे वीण घट्ट होते आणि थेंब वरून ओघळून जातात. आमच्या माहेरी एक होती. शेतावर भात लावणाऱ्या बायकांच्या डोक्यावर इरली असायची आणि बांधावर उभ्या असलेल्या आजोबांच्या खांद्यावर ती घोंगडी. तिला येणारा ओल्या मेंढीचा वास मला अजून नको वाटतो. पण अक्कल तीच. लेकीने आमच्यासाठी मेरिनो मेंढीच्या लोकरीचे पातळ बनियन घेऊन ठेवलेत. किंमत तिने सांगितली नाही आणि मी विचारली नाही. मेरिनोची लोकर मऊ आणि माणच्या मेंढीची राठ, एवढाच काय तो फरक.

तर अंगाला लागून ते लोकरीचं पातळ बनियन, त्यावर फ्लीसचं जॅकेट, त्यावर पाणी न शिरू देणारं कवच. एकावर एक तीन. हवा बदलली की एक काढायचं, एक घालायचं. जहाजात शिरलं की आत हीटर, बाहेर डेकवर गारठा, पुन्हा आत, असं दिवसभर चालणार. जाऊबाईंचा एकच जाड स्वेटर घातला तर आत उकडणार आणि बाहेर पुरणार नाही.

डेकच्या वाऱ्याचं मला आधी लक्षात आलं नव्हतं. पानही हलत नसेल अशा दिवशीसुद्धा डेकवर वारा असतो, कारण जहाज स्वतःच ताशी पस्तीस-सदतीस किलोमीटरने पळत असतं. दहा अंशांची हवा त्या वाऱ्यात सहा अंशांसारखी लागते. कान झाकणारी टोपी आणि हातमोजे लागतात ते यासाठी. थोडक्यात, माकडटोपीवर कॉलनीने धरलेला आग्रह अगदीच चुकीचा नव्हता. यांनी ती आनंदाने ठेवून घेतली आहे.

आणि एक दिवस ग्लेशियर बेचा. तिथे जहाज हिमनदीच्या तोंडाशी जाऊन सावकाश वळतं आणि माणसं कठड्याला धरून तासन् तास उभी राहतात. बर्फावरून उतरणारा वारा वेगळाच, जड आणि गार. १७९४ साली, म्हणजे महादजी शिंदे वारले त्या वर्षी, इंग्रज दर्यावर्दी तिथून गेले तेव्हा ती खाडी जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेली होती. आज तो बर्फ शंभरेक किलोमीटर आत सरकलाय. जहाज जातं ते त्या मोकळ्या झालेल्या जागेतून. त्या दिवशी मात्र तिन्ही कपडे अंगावर आणि दुर्बीण गळ्यात.

खरेदीची तऱ्हा सांगायलाच हवी. ऑगस्टात मोती चौकात रेनकोट उतरत्या भावात मिळतात, कारण दुकानदाराला तो माल संपवायचा असतो. स्वेटर मागितला तर तो आपल्याकडे असा बघतो, की जणू संक्रांतीला आंबा मागितला. गरम कपडेवाले गावात येणार दिवाळीनंतर. शेवटी आमच्याच ट्रंकेतून शाली आणि मफलर निघाले. आणि इथे श्रावणात काही वाळत नाही. धुतलेला फ्लीस दोरीवर तीन दिवस तसाच. बुटांत ऐक्य पेपरचे जुने अंक कोंबून ठेवलेत. ही युक्ती मी जहाजावरही वापरणार आहे, तिथे मराठी पेपर नसेल एवढंच.

सामानाच्या वजनाचं टेन्शन यांना माझ्यापेक्षा जास्त. हँडलला अडकवायचा छोटा वजनकाटा घेतलाय आणि रात्री जेवण झालं की बॅग टांगून बघतात. मला मात्र स्कॅगवेची एक गोष्ट वाचल्यापासून धीर आलाय. १८९७-९८ मध्ये पलीकडे कॅनडात सोनं सापडलं म्हणून हजारो माणसं तिथे जहाजांतून उतरली. वर खिंडीत कॅनडाचे पोलीस उभे. त्यांचा नियम असा, की वर्षभर पुरेल एवढा शिधा आणि सामान बरोबर असेल तरच पुढे जाता येईल. सगळं मिळून माणशी सुमारे एक टन! पीठ, डुकराचं मांस, तंबू, करवती, खिळे. एका खेपेत नेणं शक्यच नव्हतं. तीच चढण पुन्हा पुन्हा चढायची, एक बोजा वर ठेवायचा, दुसऱ्यासाठी खाली उतरायचं. त्यापुढे आमचा तेवीस किलोचा वाद म्हणजे काहीच नाही. आता त्या खिंडीत पर्यटकांची आगगाडी जाते. वर अजून गार असतं, हे मी यादीत लिहून ठेवलंय.

खाण्याचं फारसं अडत नाही. घरी केलेले पदार्थ जहाजावर चालत नाहीत, त्यामुळे मेतकूट आणि लाडू लेकीच्या घरापर्यंतच. दुकानातला सीलबंद आलेपाक मात्र पर्समध्ये ठेवलाय. सिएटलहून जाणारी जहाजं बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात, तिथे डुलतं. पुढे बेटांच्या आडोशाने पाणी शांत होतं म्हणे. मळमळीला आलं उपयोगी पडतं, आणि आल्याच्या बाबतीत तरी सातारा जिल्ह्याने कुणाचं ऐकून घेऊ नये.

यांची इस्त्री दोनदा बॅगेत गेली आणि दोनदा मी काढली. आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री चालत नाही. हे आयुष्यभर कडक इस्त्रीच्या शर्टात कामाला गेलेले, त्यांना ती बंदी जिव्हारी लागली आहे. एका संध्याकाळी सगळ्यांनी नटून जेवायला जायचं असतं. मी त्यासाठी रेशमी साडी घेतलीय, चुरगळत नाही, जागा घेत नाही आणि ऊबही देते. यांचा ब्लेझर लेक तिकडे प्रेस करून देणार आहे.

राहिला तिच्या यादीतला शेवटचा कपडा, पोहण्याचा. डेकवर गरम पाण्याचं टाकं असतं, त्यात गळ्यापर्यंत बसून हिमनद्या बघायच्या, असं ती म्हणते. "आई, सगळे बसतात गं." काल फोनवर हेही तिच्याच बाजूने बोलायला लागले, त्यांचं काय, त्यांना बर्म्युडा पुरते. मी म्हटलं, आधी तुम्ही बसा, मी दुर्बिणीतून बघते. त्यावर लेक म्हणाली, साठीच्या बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे मिळतात, तुझ्या मापाचा बघून ठेवलाय, रंग कुठला हवा तेवढं सांग.

जांभळा म्हटलंय.