विजयदुर्गची पिवळी रेघ

नाताळच्या सुट्टीत भाच्याला घेऊन विजयदुर्गावर गेले होते. आमचं गाव तिथून जवळच, त्यामुळे किल्ला लहानपणापासून इतक्या वेळा बघितलाय की वाघोटनच्या खाडीचं तोंड, तटाला आपटणारं पाणी, सगळं पाठ आहे. भाचा कणकवलीला असतो, सहावीत आहे, आणि त्याला किल्ल्यातल्या तोफांपेक्षा साहेबाचे ओटे बघायचे होते, कारण शाळेत सरांनी सांगितलं होतं की हेलियम वायू इथे सापडला.

आम्ही ओट्यांपाशी पोचलो तेव्हा एक जण पर्यटकांच्या ग्रुपला तीच गोष्ट सांगत होता. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, लॉकयर साहेबाने या ओट्यांवर दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम शोधून काढला. मी पण हीच गोष्ट ऐकत मोठी झाले, शाळेत निबंधात लिहिली, आणि दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो त्याचा मला आजही अभिमान वाटतो. पण भाच्याने जे विचारलं ते मी त्या वयात कधीच विचारलं नव्हतं. "आते, सूर्यार कोण गेल्लो काय? मग तेंका कसा कळला थंय हेलियम आसा तां?"

मी म्हटलं घरी चल, दाखवते. आणि खरंच दाखवता आलं, ते पण स्वयंपाकघरात.

रात्री आईने गॅसवर पेजेचा टोप ठेवला होता, मीठ घालून झालं होतं, आणि गप्पांच्या नादात पेज उतू गेली. गॅसची निळी ज्योत एकदम भडक पिवळी झाली. आई ओरडली गॅस बारीक कर म्हणून, आणि मी भाच्याला हाताला धरून ओढत आणला आणि म्हटलं हा पिवळा रंग नीट बघून ठेव. ही ज्योत मिठातल्या सोडियममुळे पिवळी झाली. दुसरा कुठलाही पदार्थ असता तर रंग वेगळा आला असता, तांब्याचा हिरवा येतो, पोटॅशियमचा जांभळट.

नुसत्या डोळ्यांना हा फक्त पिवळा रंग दिसतो, पण तोच उजेड फोडून बघितला की खरी मजा कळते. माझ्याकडे बुटाच्या खोक्याचा एक स्पेक्ट्रोस्कोप आहे, कोणीही करू शकेल असा. खोक्याच्या एका बाजूला दोन ब्लेडची पाती जवळजवळ चिकटवून केसाएवढी फट ठेवायची, आत जुनी सीडी तिरकी बसवायची आणि वरून एक भोक पाडून त्यातून सीडीकडे बघायचं. सीडीवर इतक्या बारीक चरे असतात की त्यावर पडलेला उजेड सुटा होऊन रंगांचा पट्टा दिसतो, त्यालाच वर्णपट म्हणतात. दिवसा फट उन्हात उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे धरली (सूर्याकडे थेट कधीच नाही, डोळे कायमचे जातात) तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अख्खा पट्टा येतो. जुन्या सीएफएल दिव्याचे सुटे सुटे तुकडे येतात. आणि आम्ही पुन्हा चमचाभर मिठाचं पाणी ज्योतीवर शिंपडलं, दिवा बंद केला, आणि भाच्याने खोक्याला डोळा लावला तर बाकी सगळं जवळजवळ काळं आणि मधोमध एकच पिवळी रेघ. तो खोका सोडायलाच तयार नव्हता. आईचं मीठ संपत आलं.

ही रेघ म्हणजे सोडियमची सही आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा ठरलेल्या रेघा असतात, ठरलेल्या जागी, कारण त्याच्या अणूतले इलेक्ट्रॉन ठरलेल्या पायऱ्यांवरच उभे राहू शकतात आणि वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आले की तेवढ्याच मापाचा उजेड बाहेर टाकतात. पायऱ्या प्रत्येकाच्या वेगळ्या, म्हणून रेघा पण वेगळ्या. सोडियमची पिवळी रेघ खरं तर दोन रेघांची जोडी आहे, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, आमच्या खोक्यात ती एकच दिसते. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.)

फ्राउनहोफर नावाच्या जर्मन माणसाने, काच बनवणारा कारागीर होता तो, १८१४ साली सूर्याचा उजेड खूप चांगल्या प्रिझममधून बघितला तेव्हा त्या पट्ट्यात त्याला शेकडो काळ्या रेघा दिसल्या. कशाच्या ते त्याला कळलं नाही, पण ठळक रेघांना त्याने अक्षरं दिली आणि पिवळ्या भागातली काळी जोडी म्हणजे डी. मग १८५९ च्या सुमाराला हायडेलबर्गला किर्कहॉफ आणि बुन्सेन या दोघांनी गॅसच्या निळ्या ज्योतीत एकेक पदार्थ धरून त्याच्या रेघा मोजल्या, म्हणजे आमच्या पेजेचाच प्रयोग, फक्त शिस्तीत. त्यांच्या लक्षात आलं की सूर्यातली काळी डी रेघ आणि मिठाची पिवळी रेघ एकाच जागी येतात. सूर्याच्या आतल्या भागातून सगळ्या रंगांचा उजेड निघतो, वरच्या जरा थंड थरातला सोडियम त्यातला आपला रंग तेवढा गिळतो, आणि तिथे काळी रेघ पडते. म्हणजे सूर्यावर सोडियम आहे हे जर्मनीतल्या एका खोलीत बसून कळलं. त्याआधी फारतर पंचवीस वर्षं, १८३५ मध्ये, ऑग्यूस्त कोंत नावाच्या मोठ्या फ्रेंच विचारवंताने लिहून ठेवलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीही कळणार नाही.

आता १८६८ चं ग्रहण. ऐन पावसाचे दिवस होते, पण ग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून चढून पार आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेला होता आणि त्या पट्ट्यात ठिकठिकाणी लोक स्पेक्ट्रोस्कोप घेऊन बसले होते. जान्सेन नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. खग्रास लागल्यावर चंद्राच्या काळ्या तबकडीच्या कडेने ज्या तांबूस ज्वाळा दिसतात त्यांचा उजेड त्याने फोडून बघितला, तर काळ्या नाही, चमकणाऱ्या रेघा. म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. रेघा इतक्या ठळक होत्या की त्याला वाटलं या ग्रहण नसताना पण दिसतील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उघड्या सूर्याच्या कडेवर फट लावून त्या पुन्हा बघितल्या.

आणि लॉकयर? तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता. सरकारी युद्धखात्यात कारकून, आणि फावल्या वेळात आकाश बघणारा. जान्सेनचं काम माहीत नसताना त्याने पण हीच युक्ती केली आणि २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडच्या आकाशात, ग्रहणाशिवाय, त्याला त्या रेघा दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, आणि पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं.

त्या रेघांत एक पिवळी होती. बघणाऱ्या बऱ्याच जणांना ती सोडियमची वाटली, आणि वाटणारच, पिवळी रेघ म्हटली की मीठ. पण लॉकयरने जागा नीट मोजली तर ती डी जोडीच्या जरा बाजूला पडत होती. आजच्या मापात सांगायचं तर ५८७.६ नॅनोमीटर. सोडियमपेक्षा जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा फरक, आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही माहीत असलेल्या पदार्थाची रेघ त्या जागी येत नव्हती. मग हे नवीन मूलद्रव्य, ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिओस म्हणून नाव हेलियम. लोकांनी सत्तावीस वर्षं विश्वास ठेवला नाही. १८९५ मध्ये लंडनला रॅम्झे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला आणि तीच रेघ त्याच जागी चमकली. जी वस्तू आधी पंधरा कोटी किलोमीटर लांब सापडली ती नंतर हातात आली. मला या गोष्टीने प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

मग विजयदुर्गाचं काय? आमच्या गोष्टीतला साहेब खोटा नाही, ग्रहण वेगळं आहे. लॉकयर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, तेव्हा तो नावाजलेला शास्त्रज्ञ होता, सोबत ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला, आणि किल्ल्यावर कॅमेरे नि स्पेक्ट्रोस्कोप मांडलेले. जेमतेम दोन मिनिटांचा अंधार, आणि त्या दोन मिनिटांत सूर्याच्या कडेच्या वर्णपटाचे फोटो. माणूस, किल्ला, ग्रहण आणि हेलियम, चारही खरे, फक्त लोकांच्या तोंडी दोन तारखांची एक गोष्ट झाली. मला वाटतं खरी गोष्ट जास्त मोठी आहे आणि ओट्यांपाशी तीच सांगायला हवी. त्याच ग्रहणाला आपल्या पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडे जेऊरला छावणी लावून बसले होते, हे तर आपल्याकडे कोणी सांगतच नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये त्यांची वेधशाळा होती, आणि तिथली वीस इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली.

भाच्याला मी हे सगळं एका दमात सांगितलं नाही, दोन-तीन रात्री अंगणात बसून सांगितलं. जानेवारीत आमच्याकडे आकाश असं असतं की डोकं वर केलं की मान दुखेपर्यंत खाली येत नाही, फक्त जेट्टीकडच्या पांढऱ्या एलईडी फ्लडलाइटने पश्चिमेचा तुकडा खाल्लाय त्याचं मला फार वाईट वाटतं. मृग नक्षत्र वर आलं होतं. काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा, हा फरक त्याने स्वतः ओळखला. लोहाराच्या भट्टीत कोयता आधी लाल होतो, मग पिवळा, मग पांढरा, तेच इथे, काक्षी साधारण साडेतीन हजार अंशांचा, आपला सूर्य साडेपाच हजारांच्या आसपास आणि राजन्य बारा हजारांच्या घरात. थर्मामीटर न लावता ताप कळतो.

पण ताऱ्यात काय किती आहे हे सांगणं इतकं सरळ नव्हतं, कारण ठळक रेघ म्हणजे तो पदार्थ जास्त असं नसतं. तापमानाप्रमाणे रेघा उठतात आणि विरतात. हे गणित मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलं, आणि ते वापरून सेसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीने १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आणि त्याखालोखाल हेलियमचे आहेत. तेव्हा सगळे समजत होते की सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच मालाचा आहे. रसेल नावाच्या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या तज्ज्ञाने तिला सांगितलं हे शक्य नाही, आणि तिला स्वतःच्याच प्रबंधात लिहावं लागलं की हा निष्कर्ष बहुतेक खरा नसावा. चार वर्षांनी रसेल स्वतःच्या वाटेने तिथेच पोचला. सूर्याचं जवळपास तीन चतुर्थांश वजन हायड्रोजन आणि उरलेलं जवळजवळ सगळं हेलियम, हे आज पुस्तकात एका ओळीत येतं. त्या ओळीमागची मुलगी मला मुलांना सांगावीशी वाटते.

रेघांची अजून एक गंमत म्हणजे त्या सरकतात. तिठ्यावर उभं राहून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकला तर तो पुढे गेल्यावर जसा उतरतो, तसंच उजेडाचं, लांब जाणाऱ्याच्या रेघा तांबड्याकडे आणि जवळ येणाऱ्याच्या निळ्याकडे. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे, अंधाऱ्या रात्री अंगणातून एक पुसट ठिपका दिसतो, आणि स्लायफर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिच्या रेघा मोजून सांगितलं की ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतेय. बाकी बहुतेक दीर्घिका लांब पळतायत, जितकी लांब तितकी जोरात, हे हबलने १९२९ मध्ये मांडलं आणि विश्व पसरतंय हे त्यातून कळलं. १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याच्या रेघा चार-सव्वाचार दिवसांच्या तालात अगदी किंचित मागेपुढे हलताना मेयर आणि केलोझला दिसल्या, म्हणजे एक न दिसणारा ग्रह त्याला ओढत होता. आणि ग्रहणाची वाट बघायचे दिवस पण मागे पडले, आपलं आदित्य एल-१ हे सूर्य बघणारं यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जानेवारी २०२४ पासून आहे, त्यातल्या एका दुर्बिणीत सूर्याची तबकडी झाकून ठेवलेली असते आणि तिच्याभोवतीचं फिकट प्रभामंडळ कधीही बघता येतं.

भाचा कणकवलीला परत गेला तो खोका घेऊनच गेला. जाताना त्याने आईच्या गॅसच्या मागच्या टाइलवर पेनाने ५८९ आणि त्याच्या बाजूला ५८७.६ लिहून ठेवलं, मधे अगदी थोडी जागा सोडून. आईने ते पुसलेलं नाही. परवा फोनवर बोलताना पेज उतू गेली तर तिने गॅस बारीक करायच्या आधी त्याला ओरडून सांगितलं, "बाबू, तुजी रेग इली बघ."

त्याने तिकडून विचारलं, "आजी, खंयची? मिठाची काय सूर्याची?"