पिन कोड ४१३००१ : एका संख्येची उकल

गेल्या आठवड्यात भाचीला चादरींचे पार्सल पाठवताना पाठवणाऱ्याच्या रकान्यात ‘सोलापूर ४१३००१’ असे लिहिले आणि इतकी वर्षे सवयीने लिहीत आलेल्या या संख्येचे अवयव कोणते, हे आपण कधीच पाहिलेले नाही, असे प्रथमच जाणवले.

अंकांची बेरीज ९ येते, म्हणून ९ ने भाग जातो. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ असे नाव दिले होते. आपला पिन कोड त्या अर्थाने हर्षद आहे. मात्र हा गुण आपण संख्या दशमान पद्धतीने लिहितो त्यावर अवलंबून असल्याने मला तो थोडा वरवरचा वाटतो.

९ ने भागल्यावर ४५८८९ उरतात, आणि खरी परीक्षा इथून सुरू झाली. ५ पासून १०७ पर्यंतच्या २६ मूळ संख्यांनी भागून पाहिले, प्रत्येक वेळी बाकी उरली. १०९ ने मात्र नेमका भाग गेला आणि भागाकार आला ४२१, जी स्वतःच मूळ संख्या आहे. म्हणजे ४१३००१ = ३² × १०९ × ४२१.

१०९ आणि ४२१ या दोहोंना ४ ने भागल्यास बाकी १ उरते, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, हे फर्माने सतराव्या शतकात सांगितले व ऑयलरने पुढच्या शतकात सिद्ध केले. १०९ म्हणजे १०² + ३², तर ४२१ म्हणजे १५² + १४². अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांचीच बेरीज असतो, आणि तो मांडण्याची रीत ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ग्रंथातील ‘भावना’ या नित्यसमानतेतून मिळते. तीत चिन्हे दोन प्रकारे घेता येतात, म्हणून उत्तरेही दोन येतात. त्यांतील प्रत्येक पद ३ ने गुणले, की आपली संख्या ५७६² + २८५² अशीही लिहिता येते आणि ५५५² + ३२४² अशीही. तिसरी रीत नाही. शेजारच्या ४१३००३ ला तर एकही नाही, कारण तिला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, आणि दोन वर्गांच्या बेरजेची बाकी कधीच ३ नसते.

अशा दोन मांडण्या हाती असतील तर त्यांतून अवयव काढण्याची युक्ती ऑयलरने वापरली होती. ५७६ मधून ३२४ वजा केल्यास २५२, आणि ५५५ मधून २८५ वजा केल्यास २७०. दोघांचा मसावि १८, आणि त्याने भागल्यावर उरतात १४ व १५, ज्यांच्या वर्गांची बेरीज थेट ४२१. माझे २६ भागाकार यात सहज वाचले असते. अडचण एवढीच, की ते वर्ग मला सापडले ते अवयव हाती आल्यावरच.