आधी स्टेरॉइड देऊन का पाहिलं नाही? बाबांचा जीबीएस आणि कॅशलेसची क्वेरी

अजून त्या एका ओळीचा राग डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतो. बाबांना जीबीएस झाला. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रोडला साथ आली तेव्हा टीव्हीवर रोज ऐकलं तोच, गिलियन-बारे सिंड्रोम, ज्यात आपली इम्युनिटीच आपल्या नसांवर उलटते. आम्ही ऐरोलीचे, पुण्याशी काही संबंध नाही, तरी प्रत्येक नातेवाईक आधी पाणी कुठलं प्यायलात हेच विचारायचा. बाबांना नुसता ताप-खोकला झाला होता, तो बरा झाल्यावर पंधरवड्याने पायाला मुंग्या आणि मग जिनाच चढवेना. अॅडमिशन, एमआरआय, एनसीव्ही (नसांतून करंट कसा जातो ती टेस्ट) पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलं ते तळमजल्यावरच्या इन्शुरन्स डेस्कला.

न्यूरोलॉजिस्टनी आयव्हीआयजी लिहून दिलं. हजारो लोकांच्या प्लाझ्मामधून काढलेल्या अँटीबॉडीज असतात त्या, डोस वजनावर, किलोमागे २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. बाबा ६२ किलो, म्हणजे रोज ५ ग्रॅमच्या पाच बाटल्या, बिल लाखांत. प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसच्या मंजुरीचा अर्ज, पाठवला तर टीपीएकडून (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम तपासणारे) क्वेरी, की पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे, मग जीबीएस कशावरून? डॉक्टरांनी लिहून दिलं की जीबीएसमध्ये त्यातलं प्रोटीन वाढतं, पण पहिल्या आठवड्यात ते नॉर्मल येऊ शकतं, एनसीव्ही बघा. ते पटलं असावं, कारण लगेच दुसरी आली: ‘आजार इम्युनिटीचा आहे तर आधी स्टेरॉइड देऊन का पाहिलं नाही?’

ही ती ओळ. स्टेरॉइड स्वस्त, आयव्हीआयजी महाग, कळतं हो आम्हालाही.

डेस्कवरच्या मुलाला काय बोलणार, त्याचं एकच, ‘सर, रिप्लाय अपलोड केलाय, पेंडिंग दाखवतंय.’ वर आयसीयूत सिस्टर येऊन सांगायच्या, आजोबा, मोठा श्वास घ्या आणि एका दमात मोजा. श्वासाच्या स्नायूंत किती जोर उरलाय ते त्यावरून कळतं. सकाळी बाबा सव्वीसपर्यंत गेले, दुपारी एकोणीस, संध्याकाळी पंधराला अडकले आणि वर मलाच म्हणतात, ‘आज गणित कच्चंय.’ मी खाली जातो, पेंडिंग. वर येतो, बाबा पंधरावर. परत खाली, पेंडिंग, आणि आता तर डेस्कवाल्याची शिफ्ट बदललेली, नवीन मुलाला सगळं पहिल्यापासून सांगा.

डॉक्टर भले, ते थांबले नाहीत, आमच्या डिपॉझिटवर पहिल्या बाटल्या लावल्या. तुम्हीही जमत असेल तर अॅप्रूव्हलसाठी औषध थांबवू नका, अशक्तपणा सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ते गेलं पाहिजे.

आणि त्या स्टेरॉइडच्या प्रश्नाचं उत्तर मला डॉक्टरांकडून कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या मिळालं. नसेवर मायलिनचं आवरण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. बाबांच्या प्रकारात अँटीबॉडीज त्यावर हल्ला करतात आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी येऊन ते सोलून काढतात. इथपर्यंत ऐकलं की कोणीही म्हणेल दाबा ती इम्युनिटी. पण रिपेअरला त्याच मॅक्रोफेज लागतात ना! तुटक्या मायलिनचा कचरा पडून राहिला तर नवीन थर नीट बसत नाही, तो खाऊन जागा मोकळी करायचं बरंचसं काम त्यांचंच, मग श्वान नावाच्या, मायलिन बनवणाऱ्या पेशी नसेला परत गुंडाळायला घेतात. नवीन थर पहिल्यापेक्षा पातळ असतो, पण काम चालतं. जीबीएसमध्ये स्टेरॉइड देऊन बघून झालंय, फायदा दिसला नाही, गोळ्यांनी तर सुधारणा उलट रेंगाळली, आणि त्यामागचा एक अंदाज असा की स्टेरॉइडने मॅक्रोफेजचं हे दुरुस्तीचं कामही दबत असावं.

मी म्हटलं डॉक्टर, हेच लिहून द्या. चारच ओळी: जीबीएसमध्ये स्टेरॉइड देत नाहीत, दोन आठवड्यांची मुदत, एका दमातले आकडे उतरतायत, व्हेंटिलेटर लागू शकतो. ते मी मेलने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं आणि खाली लिहिलं की आयआरडीएआय, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा असतो, नाहीतर त्यांच्या बीमा भरोसा या तक्रारीच्या पोर्टलवर जातो. रात्री अॅप्रूव्हल. त्या रात्री कँटीनचा गारढोण वडापावसुद्धा जाम भारी लागला.

हां, बाटल्यांचं राहिलं. प्रत्येक बाटलीवरचा स्टिकर सिस्टर सोलून शीटवर चिकटवतात, बॅच नंबरचा, त्या शीटचा रोज फोटो काढा, फायनल बिलाला तोच मागतात. बाटली हातात दिली तर हलवू नका, फेस होतो. आणि वजन सगळ्या कागदांवर एकच आहे का बघा, डोस त्यावरच आहे म्हटल्यावर क्वेरी काढायला आयतं कारण.

बाबा ६८ चे, त्यामुळे हळू चाललंय. साठीनंतर जीबीएसमधून उठायला वेळ लागतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी मग रात्री वाचत बसायचो. २०१२ मध्ये केंब्रिज आणि हार्वर्डच्या लोकांनी म्हाताऱ्या उंदराचं रक्ताभिसरण तरुण उंदराला जोडून बघितलं, तर तरुणाच्या पेशींनी मज्जारज्जूतला मायलिनचा कचरा उचलला आणि म्हाताऱ्याचं आवरण पुन्हा चांगलं बनायला लागलं. २०१७ ला बेलफास्टवाल्यांनी दाखवलं की रेग्युलेटरी टी-पेशी, ज्या इम्युनिटीला आवर घालतात, त्यासुद्धा मायलिन बनवणाऱ्या पेशींना तयार व्हायला मदत करतात. ही दोन्ही कामं मेंदू-मज्जारज्जूकडची, बाबांच्या नसा हातापायातल्या, तिथे कचरा त्यामानाने लवकर साफ होतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, मग आणा एखादा तरुण उंदीर.

आता वॉकर घेऊन सेक्टरमधल्या गार्डनपर्यंत जातात. फिजिओ घरी येतो. डिस्चार्ज समरीत फिजिओ किती आठवडे ते लिहून घ्या बरं का, आमच्यात नुसतं ‘फिजिओथेरपी अॅडव्हाइज्ड’ होतं, तर कंपनीने बिल परत पाठवलं, मग पुन्हा हॉस्पिटलला जाऊन सही-शिक्क्याचं वेगळं पत्र आणावं लागलं.