एकाआड एक दुभंगलेली शिखरं

प्रकाशावर चालणाऱ्या चिपचं डिझाइन फॅबला, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याला, पाठवायला आठवडाही उरला नव्हता. टीममधल्या नव्या मुलीने रिंग रेझोनेटरचा, म्हणजे ठरावीक तरंगलांब्यांचा प्रकाश आत घुमवत ठेवणाऱ्या सिलिकॉनच्या कड्याचा, स्पेक्ट्रम माझ्यासमोर धरला. अशा प्रत्येक तरंगलांबीला त्यात एक शिखर दिसतं. "मॅडम, शिखरं दुभंगलेली दिसतायत. भिंतींच्या खडबडीतपणामुळे असेल?"

प्रयोगशाळेत हेच उत्तर बरोबर ठरलं असतं. सिलिकॉनची भिंत कोरताना जराशी खरबरीत राहते, प्रकाश थोडा उलटा फिरतो आणि एका शिखराची दोन होतात. पण ही रिंग अजून कॉम्प्युटरमध्येच, सिम्युलेशन म्हणूनच होती. तिथे खडबडीतपणा आला कुठून?

रिंगची त्रिज्या ५ मायक्रॉन, वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणारी सिलिकॉनची पट्टी) ४५० बाय २२० नॅनोमीटर, आणि गणितासाठी जागेचे चौकोनी तुकडे, म्हणजे पेशी, पाडणारं ग्रिड २० नॅनोमीटरचं. म्हणजे साडेतीन कोटींवर पेशी, आणि प्रकाश रिंगमध्ये बराच वेळ घुमत राहत असल्याने लाखो टाइमस्टेप, म्हणजे वेळेचे छोटे छोटे टप्पे. ग्रिड निम्मं करावं तर मेमरी आठपट आणि वेळ सोळापट! तेवढी सवड नव्हती.

मी तिला प्रत्येक शिखराखाली त्याचा मोड क्रमांक लिहायला सांगितलं, म्हणजे रिंगच्या एका फेरीत किती तरंगलांब्या बसतात तो आकडा. ४७ अखंड. ४८ दुभंगलेलं. ४९ अखंड. ५० पुन्हा दुभंगलेलं. ती लिहिता लिहिता थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. खडबडीतपणा सम-विषम पाहून येत नाही.

चौकोनी ग्रिडवर वर्तुळ काढणं म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळीत फक्त आडव्या-उभ्या रेघांनी गोल काढणं. कडेला पायऱ्या पडतातच. आणि त्या पायऱ्यांची नक्षी दर ९० अंशांनी तशीच्या तशी परत येते. अशी चौपदरी सममिती उजवीकडे आणि डावीकडे फिरणाऱ्या लाटांना एकमेकींत मिसळते, पण क्रमांक सम असेल तरच. विषम मोडना ती हातही लावत नाही. कडेच्या पेशींत सिलिकॉन आणि त्याभोवतीच्या काचेची सरासरी घेतली की दुभंग कमी होतो, पण पुरता जात नाही.

मग चौकोनी ग्रिड सोडूनच दिलं. एकटी रिंग पूर्ण गोल आहे, तर कोनाच्या दिशेने तिचं वागणं आधीच माहीत असतं. क्रमांक ठरवून टाकायचा आणि त्रिज्या व उंची या दोनच दिशांत गणित करायचं. रात्रभर चालणारा रन चहा येईपर्यंत संपला, आणि शिखरं सगळी अखंड.

शेजारून जाणाऱ्या सरळ वेव्हगाइडने मात्र ही गोलाई मोडते. म्हणून जिथे दोघांत २०० नॅनोमीटरची फट आहे तेवढाच तुकडा त्रिमितीत चालवला. तिथे प्रकाश घुमत बसत नाही, एकदा येतो आणि निघून जातो, त्यामुळे रन लवकर उरकतो. किती प्रकाश पलीकडे गेला ते मोजलं, उरलेल्या फेरीची फेज (लाट किती पुढे सरकते) आणि लॉस (किती प्रकाश वाया जातो) मोड सॉल्व्हर या प्रोग्रॅममधून घेतले आणि रिंगचं नेहमीचं सूत्र वापरून पूर्ण स्पेक्ट्रम काढला. शिखरांमधलं अंतर सुमारे १८ नॅनोमीटर आलं, हवं होतं तेवढंच.

तोवर तिने खऱ्या भिंतीचा खडबडीतपणा मुद्दाम कसा घालायचा, हे विचारायला सुरुवात केली होती. पुढचे दोन दिवस आम्ही त्यावरच घालवले.