‘काही होणार नाही ना?’

अचानक धडधड, थरथर, घाम, गरगरणं, छाती आवळणं आणि आता आपलं काही खरं नाही अशी भीती, असे झटके मला यायला लागले, तेव्हा माझे पहिले काही महिने तपासण्यांतच गेले. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल आला की संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं. रात्र झाली की शंका यायची, डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी सुटलं असेल तर? तपासण्या वाया गेल्या असं मात्र मी म्हणणार नाही. थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड, अशीच थरथर, असाच घाम फुटतो, त्यामुळे आधी शरीर नीट बघून घेणं बरोबरच. पण तोच ईसीजी पुन्हा पुन्हा काढायला लागले, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच सांगितलं, ‘‘हृदय ठणठणीत आहे. आता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.’’

निदान झालं पॅनिक डिसऑर्डरचं, म्हणजे तीव्र भीतीचे असे झटके (पॅनिक अ‍ॅटॅक) पुन्हा पुन्हा येण्याच्या आजाराचं. एसएसआरआय या, चिंता आणि नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या औषधांच्या गटातली गोळी कमी डोसपासून सुरू झाली. गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला मळमळ, बेचैनी उलट वाढू शकते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ते सांगितलं नसतं तर मी पहिल्याच आठवड्यात गोळी फेकून दिली असती. चटकन शांत करणारी दुसरी एक गोळीही मिळाली, पण मोजकी. तिची सवय लागू शकते, म्हणून ‘अगदीच गरज पडली तर’ एवढ्यापुरती. ही दुसरी गोळी पुढे महत्त्वाची ठरली, पण पोटात जाऊन नव्हे.

गोळीने तळाची खळबळ कमी झाली. बाकीचं काम थेरपीत झालं, आणि ते मी कल्पना केली होती त्यापेक्षा फारच वेगळं निघालं. मला वाटलं होतं, कोचावर बसून बालपणाबद्दल बोलायचं असणार. आमच्या थेरपिस्ट मॅडमनी मला खुर्चीत बसवून मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावला. डोकं गरगरलं, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, छाती आवळली. नेमकं तेच सगळं! फक्त या वेळी मी स्वतःहून आणलेलं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरायला लागतं, असं त्यांनी समजावलं. मग अरुंद नळीतून श्वास घेणं, फिरत्या खुर्चीत गोल गोल फिरणं, जागच्या जागी पळणं. घरीही हाच गृहपाठ. घरातल्यांना वाटलं असेल, हिला आता खरंच वेड लागलं.

यामागचा विचार मला आवडला, कारण त्यात मला कमकुवत ठरवलेलं नव्हतं. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये तो मांडला. शरीरात एखादी साधी संवेदना उठते, मन तिचा सर्वांत भयंकर अर्थ लावतं, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढते आणि चक्र फिरत राहतं. पॅनिक अ‍ॅटॅक बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो. आपण तोवर थांबतच नाही, त्यामुळे तो आपला आपण उतरतो हे आपल्याला कधी कळतच नाही.

का थांबत नाही? कारण आपल्याकडे सुटकेची सोय असते. मॅडमनी मला अशा सोयींची यादी करायला सांगितली. पाण्याची बाटली. पर्समधली ती दुसरी गोळी, जी मी घेतलीच नव्हती, पण पर्स बदलली की आधी तीच हलवायची. दाराजवळची जागा. नाडी बघणं. पूर्ण चार्ज केलेला फोन. मी यादी पुढे सरकवली. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, ‘‘आणि मिस्टर?’’

खरं सांगायचं तर मला राग आला. माझा नवरा म्हणजे काय पाण्याची बाटली आहे? तो माझ्यासोबत लिफ्टमध्ये यायचा, गर्दीत हात धरायचा, मीटिंगमधून उठून माझे फोन घ्यायचा. ‘‘काही होणार नाही ना?’’ असं मी विचारायची आणि ‘‘काही नाही होणार गं’’ असं तो म्हणायचा. दिवसातून किती वेळा, याचा हिशेब आम्ही दोघांनीही ठेवला नव्हता. सगळे म्हणायचे, किती जपतो. जपत होताच. पण त्या उत्तराचा असर पंधरा मिनिटं टिकायचा, मग पुढचं उत्तर लागायचं. होबार्ट मॉवरर या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्येच म्हटलं होतं की टाळाटाळीने लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेवरच भीती पोसली जाते. आमच्या घरात ती सुटका प्रेमाने, न थकता पुरवली जात होती.

पुढच्या सेशनला मॅडमनी त्यालाही बोलावलं. ठरलं असं, की मी विचारलं तर त्याने ‘काही होणार नाही’ म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘‘भीती वाटतेय ना? मी ऐकतोय. पण उत्तर नाही देणार.’’ वाचायला सोपं आहे. पहिल्या संध्याकाळी मी विचारलं, त्याने ते वाक्य पाठ केल्यासारखं म्हटलं, आणि मी त्याच्यावर इतकी भडकले की तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. नंतर म्हणाला, ‘‘तू घाबरलेली असताना गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. मला दुष्ट झाल्यासारखं वाटतं.’’

थेरपीवर जे काही वाचायला मिळतं, त्यात या माणसाबद्दल फारसं नसतं. मला माझी भीती शून्य ते शंभरमध्ये मोजायला शिकवलं होतं. कमी आकड्यापासून वर चढत जाणारी शिडी मला लिहून दिली होती: बाटलीशिवाय चालून येणं, एकटीने लिफ्ट, रांगेत उभं राहणं, फोन घरी ठेवून बाहेर पडणं. त्याच्या हातात मात्र काही नव्हतं. मी एकटीने लिफ्टने गेले त्या दिवशी मी नाचत घरी आले आणि तो जरा शांतच होता. रात्री बोलता बोलता निघालं, ‘‘मग आता माझं काय काम?’’ थट्टेत म्हणाला, पण थट्टा नव्हती ती. एवढा काळ आमच्यातली जवळीक बरीचशी माझ्या भीतीभोवतीच जमली होती. ती सरकली तेव्हा एकमेकांशी काय बोलायचं, हा प्रश्न आला. भांडणंही नव्याने सुरू झाली. मी आजारी होते तेव्हा तो चिडायचा नाही. मी बरी होऊ लागले तशी त्याने कधीपासून गिळून ठेवलेली चिडचीड बाहेर आली. मला ते ऐकणं जड गेलं, पण मॅडमना ते चांगलं लक्षण वाटलं, आणि आता मलाही तसंच वाटतं.

पर्समधली गोळी मी शिडीच्या बऱ्याच वरच्या पायरीवर काढली. तोवर पाकिटावरची तारीख उलटूनही गेली होती!

मधे एकदा तापातून उठले तेव्हा धडधड परत आली आणि आठवडाभर मी पुन्हा त्याचा हात धरूनच बाहेर पडत होते. मॅडमनी या घसरणीला फार महत्त्व दिलं नाही. शिडीच्या दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढायला लावलं. रोजची गोळी मात्र मी मनाने बंद केली नाही. ती एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात झिणझिण्या असा त्रास होऊ शकतो. बरं वाटायला लागल्यानंतरही डॉक्टरांनी ती बराच काळ चालू ठेवली आणि आता टप्प्याटप्प्याने कमी करत आणली आहे.

‘काही होणार नाही ना’ अजूनही तोंडात येतं. तो आता ते ठरलेलं वाक्य म्हणत नाही, नुसता भुवया उंचावतो, आणि बहुतेक वेळा मला हसू येतं. कधी कधी नाही येत.

शिडीवरची शेवटची पायरी म्हणजे विमानाचा एकटीने प्रवास. तिकीट काढलंय. विमानतळापर्यंत सोडायला येणार असं तो म्हणतोय, आणि ते सोबतीत धरायचं की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.