हात सैल सोडा

"काका, हात सैल सोडा आणि अजिबात हलू नका," यंत्रापाशी उभी असलेली मुलगी म्हणाली. ही दोन्ही कामं मला एकदम जमत नाहीत. कंपवाताची हीच तर खोड. पेला उचलताना हात ताळ्यावर असतो, सैल सोडला की नाचायला लागतो.

हा एमआरआय डीबीएसच्या, म्हणजे मेंदूत तार बसवून विजेचे सौम्य स्पंद देण्याच्या, ऑपरेशनआधीचा. मेंदूत खोलवर, थॅलॅमसच्या खाली, सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा पेशींचा पुंजका असतो. दोन्ही बाजूंना एकेक, फुगीर भिंगासारखा, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. माझ्या आजारात तो नको इतका चेकाळतो, म्हणून दीड मिलिमीटरहून बारीक तार नेमकी त्यात सोडायची. त्यासाठी आधी तो दिसायला हवा. मी फाइलमधून जुना एमआरआय काढला, तर डॉक्टरांनी तो बाजूलाच ठेवला. त्यातले काप पाच-पाच मिलिमीटरचे. एवढ्या जाड कापात हा सापडला तर सापडला. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलं होतं. कंपवातात साध्या एमआरआयवर बहुतेकदा तसंच येतं म्हणे.

पहिला प्रयत्न फसला. नंबर तासभर उशिरा लागला, तोवर गोळीचा परिणाम उतरला होता. कानांत बोळे घालूनही ठकठक, मग गुर्रर्र. मी हात मांडीखाली दाबून धरला, तर थरथर खांद्यातून हनुवटीत चढली. चित्रात कवटीच्या कडेला लाटांसारख्या सावल्या उमटल्या. नंबर पुढे गेला तर गोळीचं काय, हे आदल्या दिवशीच कुणीतरी विचारायला हवं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्यांदा भूल देऊन केलं. झोपलो, उठलो. झोपेत कंप थांबतो, हे बायकोला माझ्याआधी ठाऊक होतं.

मग डॉक्टरांनी पडद्यासमोर बसवलं. मधोमध दोन ठळक काळे गोल. "हाच ना?"

"तो रेड न्यूक्लियस. खुणेपुरता कामाचा. त्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा पुढे बघा."

तिथे बदामासारखा तिरपा, काळपट डाग. लोहामुळे टी-टू नावाच्या एमआरआय चित्रात हा भाग काळा दिसतो. पंचाईत अशी, की खाली टेकलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या दुसऱ्या भागातही लोह, तोही काळाच. हद्द उमजेना, तेव्हा त्यांनी लोह जास्त स्पष्ट दाखवणारी दुसरी चित्रं लावली. १८६५ मध्ये ल्युइस या फ्रेंच डॉक्टरने हा पुंजका पहिल्यांदा नोंदवला. त्याच्यापुढे निदान हलणारं डोकं नव्हतं!

मी डावीकडच्या डागाकडे टक लावून बसलो होतो. उजवा हात हलतो म्हणजे दोष डाव्या मेंदूत, एवढं पाठ झालं होतं.

"काका, हे चित्र पायाकडून बघायचं असतं. तुमचं डावं इथे उजवीकडे येतं."

मी दुसऱ्या डागावर बोट ठेवायला उजवा हात उचलला. उचलला तसा तो थांबला.